घरी "येतो", पुण्यात "येते". हे ठरवतं कोण?

पेठेतली

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, चार वर्षं पुण्यात नोकरीला आहे. आपल्याकडं बायका स्वतःबद्दल "मी आलो, मी जातो" म्हणतात हे इथं सांगायला नको. आज्जी, आई, आत्त्या, सगळ्या तसंच बोलतात, आणि आम्ही पोरीसुद्धा. पुण्यात पहिल्या आठवड्यात ऑफिसात म्हटलं, "मी जेवून आलो." टेबलाभोवतीच्यांनी एकदम वर बघितलं. वाईट कुणी बोललं नाही. एकजण नुसता हसून म्हणाला, "आलो?" तेवढंच. त्या दिवसापासून माझं "आले" झालं. मी काही ठरवलं नव्हतं.

मागच्या शनिवारी कावळा नाक्यावर उतरले. फोनवर ऑफिसातली मैत्रीण होती. तिला "हो गं, पोचले" म्हटलं आणि फोन कानाला असतानाच रिक्षावाल्याला, "मामा, मिरजकर तिकटी. बॅग घेऊन मागं बसतो." एका श्वासात दोन्ही! नंतर रिक्षात माझं मलाच हसू आलं.

समाज माणसाला घडवतो असं पुस्तकात लिहितात. पण हा समाज बसलेला असतो कुठं? मला तर एक हसणारा पोरगा दिसला, बाकी कोण नाही.

रिटायर मास्तर

बाळ, तो पोरगा म्हणजेच समाज. तीस वर्षं कॉलेजात हाच विषय शिकवलाय, तेव्हा थोडं लांबण लागेल.

एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं 1895 साली 'सामाजिक तथ्य' ही कल्पना मांडली. वागण्याच्या, बोलण्याच्या, विचार करण्याच्या ज्या रीती आपल्या जन्माआधीपासून बाहेर असतात आणि आपल्यावर दाब टाकतात, त्या. पाळत असतो तोवर दाब जाणवतच नाही. मोडलं की कळतं. आणि शिक्षा म्हणजे पोलीसच पाहिजे असं नाही. दुर्खीमनं कपड्यांचा दाखला दिलाय. रीत सोडून कपडे घातले की लोक हसतात, अंतर ठेवतात, आणि ते शिक्षेसारखंच काम करतं. तुझं "आलो?" म्हणजे तेच हसू.

दुसरं, तुझ्या ध्यानात आलं नसेल. प्रश्नात तू "उतरले" लिहिलंयस. इथं सगळे कोल्हापूरचे, हसणारं कोण नाही. मग ते "उतरले" कुणासाठी? जॉर्ज हर्बर्ट मीड हा अमेरिकन विचारवंत म्हणायचा की आपल्या डोक्यात एक 'सामान्यीकृत इतर' बसलेला असतो. कुणी एक माणूस नव्हे, सगळ्यांची मिळून झालेली नजर. तू लेखी मराठीसाठी त्याच्यापुढं उभी राहिलीस.

अमेरिकेत हॅरॉल्ड गार्फिंकेलनं आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्याच घरात भाडेकऱ्यासारखं वागायला लावलं होतं. अदबीनं बोलायचं, विचारलं तरच उत्तर द्यायचं. कुणाचं नुकसान नाही, तरी घरचे हबकले, चिडले, आजारी आहेस का म्हणून विचारायला लागले. तूही घरी एकदा उलटं बोलून बघ.

गंगावेशीचा

मास्तर, सगळं बरोबर, पण एक राहिलं. ताई, तुम्ही हसला असतात तर तो पुण्याचा पोरगा बदलला असता काय? न्हाई. मग समाज समाज करून चालत नाही, वजन कुणाचं ते बघायला पाहिजे. बोर्द्यू हा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ हेच म्हणायचा की भाषेचा बाजार असतो. आपल्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात जसा भाव फुटतो तसा बोलीलाही भाव लागतो. माल तोच, पण एका पेठेत सोनं आणि दुसरीकडं गावठी.

आणि रीत वाकतच नाही असंही नाही. गंगाराम कांबळेंच्या हॉटेलाचं उदाहरण आपल्याच गावातलं. दलिताच्या हातचा चहा घ्यायचा नाही ही तेव्हाची रीत. शाहू महाराज स्वतः तिथं थांबून चहा घ्यायला लागले आणि बरोबरच्यांनाही घ्यायला लावला. महाराज पितात म्हटल्यावर नको म्हणणार कोण? पण रीत वाकवायला तिथं राजा लागला, हेही बघा. तेच एखाद्या कारकुनानं केलं असतं तर त्यालाच वाळीत टाकलं असतं. मला दुर्खीमपेक्षा हे जास्त पटतं.

(आणि ताई, "आलो" सोडू नका. आमची बहीण मुंबईत मुलाखतीतसुद्धा "मी करतो" म्हणाली. नोकरी लागली.)

पेठेतली

मास्तर, करून बघितलं. सकाळी आज्जी लसूण सोलत बसलेली. म्हटलं, "आज्जी, मी दूध घेऊन येते."

हात थांबला. माझ्याकडं बघून म्हणाली, "बरं वाटत न्हाई व्हय गं?"

मी हसू दाबून परत तेच म्हटलं, "अगं, दूध घेऊन येते." तशी आईला हाक, "आगं, ही बघ की, पाव्हण्यागत बोलाय लागलीया." आई पोळपाट सोडून दारात. काय झालं, कुणी काय बोललं का, ऑफिसात काही भानगड हाय काय. सांगायचा प्रयत्न केला की हा एक प्रयोग आहे, अमेरिकेतल्या एका प्राध्यापकाचा. त्यानं तर आईची काळजी वाढलीच.

गंगावेशीचे दादा, वजनाचं पटलं. पण आमच्या स्वयंपाकघरात वजन आज्जीचं. तिसऱ्यांदा "येते" म्हणायची माझी छाती झाली नाही. "येतो गं" म्हटलं आणि चपला घातल्या. आज्जीनं परत लसूण घेतला.

आता एसटीत बसून हे लिहितोय. शेजारच्या काकू मघापासून विचारतायत, कुणाची गं तू.