उपग्रहाला न दिसलेला ढग

मुंबईवरचे खालचे ढग कमी झाले, हे मोडिसच्या (नासाच्या टेरा व अ‍ॅक्वा उपग्रहांवरचे, ढग टिपणारे उपकरण) मासिक आकड्यांवर सरळ रेषा टाकून ठरवू नका. पावसाळ्यात वरचे ढग खालच्यांना झाकतात. समजा, एका जुलैत वरचे ६० टक्के, दिसलेले खालचे २० टक्के. पुढच्या जुलैत ८० आणि १०. मोकळ्या भागाने भागा: २०/४० आणि १०/२०, दोन्हीकडे ५० टक्केच! खालचा ढग तेवढाच, झाकण वाढले. (यात दोन्ही थर एकमेकांपासून स्वतंत्र धरलेत, जे नेहमी खरे नसते. वरचे ढग ९० टक्क्यांपुढे गेले तर तो महिना सरळ गाळा.)

मग ऋतुचक्र काढून उरलेल्या फरकांचा सहसंबंध पाहा. लगतच्या महिन्यांत तो ०.३ असेल, तर २४० महिने प्रत्यक्षात १२९ एवढेच मोलाचे. ते न धरल्याने खोटा कल ‘सिद्ध’ होतो. प्रमाण ० ते १ मध्येच राहते, म्हणून सरळ रेषेऐवजी बीटा प्रतिगमन (० ते १ मधल्या प्रमाणांसाठीचे मॉडेल) घ्या; वेधशाळेच्या अष्टमांश नोंदींना (आकाशाचे आठपैकी किती भाग ढगांनी झाकले) क्रमवार लॉजिट, म्हणजे पायरीपायरीच्या आकड्यांसाठीचे मॉडेल.

आणि टेरा उपग्रहाची सकाळी साडेदहाची वेळ २०२०नंतर हळूहळू आणखी लवकरच्या वेळेकडे सरकली आहे. किनाऱ्यावर उन्हाबरोबर ढग वाढतात, तिथे हा फरक हवामानबदल म्हणून खपून जातो. शेवटची वर्षे वगळूनही मॉडेल चालवून बघाच.