मदत हवी आहे: वडिलांचं लॉटरीचं वेड कसं सोडवू?

ओझरकर: नाना ६७ वर्षांचे. उभ्या आयुष्यात पत्त्याला हात लावला नाही. सात-आठ महिन्यांपासून रोज नाशिकला जाऊन लॉटरीची तिकिटं आणतात. काल उशीखाली रबर लावलेला गठ्ठा सापडला, १४० तिकिटं! नंबर लागला तरी चेहऱ्यावर आनंद नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. द्राक्षबागेची छाटणी तोंडावर आलीय. मेंदूतलं डोपामाइन रसायन उतरवायला ‘डोपामाइन डिटॉक्स’ करतात म्हणे, तो कसा करतात? लवकर सांगा.

पंचवटीकर: पहाटे गंगेवर, म्हणजे आपल्या गोदाकाठी चालायला न्या. माझा मोबाईल महिन्यात सुटला. डोपामाइन आपोआप उतरतं.

कांचन: उतरलं तर माणूस अंथरुणातून उठायचा नाही. ते आनंदाचं कमी, ओढीचं जास्त. मेंदूशास्त्रज्ञ शुल्त्झ यांच्या प्रयोगात सरावलेल्या माकडांच्या डोपामाइन पेशी फळांचा रस मिळताना नव्हे, त्याआधीची खूण दिसताच पेटायच्या. रस चुकला की थंड पडायच्या. तिकिटाचा नंबर कधी लागेल ते कळत नाही, म्हणून ओढ टिकते.

पंचवटीकर: माकडं राहू द्या ताई, मी अनुभव सांगतोय.

सिन्नरचा: पाऊस उघडेपर्यंत छाटणी नका धरू, वेलीवर डाऊनी बुरशी येईल. थॉम्पसन जातीची द्राक्षं आहेत का?

मेडिकलवाला: नानांना गोळ्या कुठल्या चालू आहेत?

ओझरकर: बीपीची. आणि हात थरथरतो त्याची, दिवाळीनंतर सुरू झाली. त्याचा इथे काय संबंध?

मेडिकलवाला: पाकिटावरचं नाव लिहा.

ओझरकर: प्रॅमिपेक्सोल.

मेडिकलवाला: कंपवातात मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. ही गोळी डोपामाइनची नक्कल करते. हालचाल सुधारते, पण ओढीच्या सर्किटलाही तीच गोळी पोचते. काहींना त्यातून जुगार, खरेदी, खादाडी लागते. माहितीपत्रकात छापलेलं असतं. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना गठ्ठा नेऊन दाखवा. गोळी परस्पर बंद करू नका, एकदम थांबवली तर त्रास होतो.

पंचवटीकर: चालणं मात्र सोडू नका, कंपवातालाही चांगलं.

ओझरकर: काल मी त्यांना जुगारी म्हणालो. काही बोलले नाहीत, थरथरत्या हातांनी गठ्ठ्याला पुन्हा रबर लावत बसले. सोमवारची वेळ मिळालीय.

मेडिकलवाला: तोवर एटीएम कार्ड आईंकडे द्या. नाशिकला जातात कसे? या गोळीने काहींना बसल्याजागी अचानक झोप लागते.

ओझरकर: मोटारसायकलवर. चावी काढून घेतो.