क्योपेनिक: बर्लिनच्या टोकाला, नदीकाठी राहावे का?

प्रश्न (वाटसरू):
नमस्कार. येत्या ऑक्टोबरपासून हुंबोल्ट विद्यापीठाच्या आडलर्सहोफ परिसरात माझे भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण सुरू होत आहे आणि खोली शोधताना क्योपेनिकचे नाव वारंवार समोर येते. श्प्रे आणि दाहमे या नद्यांच्या संगमावर, शहराच्या पार आग्नेय टोकाला असलेला हा भाग बर्लिनच समजायचा की वेगळे गाव, हेच मला उमगत नाही. तिकडे राहिल्यास खरे बर्लिन अनुभवायचे राहून जाईल, असे काही परिचितांनी बजावले आहे. तिथे राहिलेल्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर (जुनी रहिवासी):
तुमच्या प्रश्नाची दोन्ही उत्तरे खरी आहेत. १९२० मध्ये बृहद्बर्लिनची स्थापना होईपर्यंत क्योपेनिक हे स्वतंत्र शहर होते; २००१ पासून ते ट्रेप्टो-क्योपेनिक या जिल्ह्यात मोडते आणि सुमारे १६८ चौरस किलोमीटरचा हा जिल्हा क्षेत्रफळाने बर्लिनमध्ये सर्वांत मोठा आहे. बाराव्या शतकात यक्सा या स्लाव राजपुत्राने पाडलेल्या नाण्यांवर क्योपेनिकचे नाव आढळते, तर बर्लिन-क्योल्न या जुळ्या वस्तीचा पहिला लेखी उल्लेख १२३७ चा आहे. त्यामुळे आमच्याकडची वडीलधारी माणसे मध्यवर्ती भागात निघाली की आजही "बर्लिनला जाऊन येते" असे म्हणतात, आणि मला ते अगदी योग्य वाटते.

हे गाव समजून घ्यायचे तर आधी पाणी समजून घ्यावे. श्प्रे नदी म्युगेलझे या बर्लिनमधील सर्वांत मोठ्या तलावातून बाहेर पडते, क्योपेनिकला दाहमेला मिळते आणि मगच महानगरात शिरते. म्हणजे इथले पाणी शहराच्या वरच्या अंगाचे, तुलनेने स्वच्छ. एकोणिसाव्या शतकात बर्लिनकरांचे कपडे धुण्याचा व्यवसाय इथे भरभराटीला आला तो या पाण्यामुळे आणि कपडे वाळत घालायला मोकळी कुरणे होती म्हणून. श्पिंडलर घराण्याने १८७०च्या दशकात उभारलेल्या धुलाई आणि रंगाईच्या कारखान्यावरून श्पिंडलर्सफेल्ड हे नाव पडले, आणि ते एस-बान या शहरी रेल्वेच्या स्थानकावर अजून टिकून आहे. तलावाकाठच्या फ्रीड्रिख्सहागेनचे जलशुद्धीकरण केंद्र १८९३ मध्ये सुरू झाले. त्याची विटांची जुनी इमारत अवश्य पाहा. मी ती इतक्या वेळा पाहिली आहे, तरी दर वेळी थोडा वेळ तिथे थांबतेच.

उत्तर (रोजचा प्रवासी):
व्यवहाराचे मी सांगतो. क्योपेनिक संपूर्णपणे एबी या भाडेक्षेत्रात येते, त्यामुळे बर्लिनबाहेरच्या सी क्षेत्राचे तिकीट लागत नाही. अलेक्झांडरप्लाट्झकडून एस३ गाडीने साधारण अर्धा तास लागतो. मात्र एस-बानचे क्योपेनिक स्थानक जुन्या गावठाणापासून बरेच दूर असून तिथून पुढे ट्राम घ्यावी लागते. नवखी माणसे हे लक्षात न घेता खोली ठरवतात आणि मग रोज त्रास काढतात. तुमचे आडलर्सहोफ तर याच जिल्ह्यात आहे आणि ट्रामने थेट जाता येते, त्यामुळे अंतराची काळजी तुम्ही करू नये. अल्टे फ्योर्स्टराय या मैदानावर उनिओन या फुटबॉल संघाचा सामना असेल त्या दिवशी तेवढे लवकर निघावे. हे मैदान २००८-०९ मध्ये दोन हजारांहून अधिक चाहत्यांनी स्वतः श्रमदान करून नव्याने उभारले, याचा इथे सर्वांना अभिमान आहे.

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र लागते, म्हणून ते न देणाऱ्याची खोली घेऊ नका.

उत्तर (इतिहासाचा विद्यार्थी):
कागदपत्रांचा विषय निघालाच आहे, तर विल्हेल्म फोग्टबद्दल लिहायला हवे. तुरुंगातून सुटलेल्या या चांभाराला पोलिसांनी राहण्याची परवानगी नाकारून हद्दपार केले होते. १६ ऑक्टोबर १९०६ रोजी त्याने कॅप्टनचा जुना गणवेश चढवला, रस्त्यावरचे सैनिक हुकमाखाली घेतले, क्योपेनिकच्या नगरभवनात महापौरांना अटक केली आणि तिजोरी ताब्यात घेतली. आपल्याला पासपोर्ट हवा होता, असे त्याने नंतर सांगितले. नगरभवनाच्या दारात त्याचा पुतळा आहे आणि पर्यटक त्याच्याशेजारी हसत छायाचित्रे काढतात, परंतु गणवेश दिसताच विचार न करता आज्ञा पाळण्याची ती सवय पुढे किती महागात पडली, हे याच गावात दिसते. जून १९३३ मध्ये नाझींच्या एसए दलाने इथल्या शेकडो विरोधकांना पकडून त्यांचा छळ केला आणि त्यात वीसहून अधिक जण मारले गेले. जुन्या न्यायालयाच्या ज्या तुरुंगात हे घडले, तिथे आता स्मारक आहे. दाहमेतील बेटावरचा राजवाडा पाहायला जाल, तेव्हा त्यासाठीही एक तास काढा.

प्रश्नकर्ता (वाटसरू):
सर्वांचे मनःपूर्वक आभार. वेंडेनश्लोस भागात एक खोली मिळत आहे. तिथून आडलर्सहोफ गैरसोयीचे पडेल का?

उत्तर (रोजचा प्रवासी):
मुळीच नाही. वेंडेनश्लोसहून एफ१२ ही नाव दाहमे ओलांडून ग्र्युनाउला सोडते. ती वर्षभर चालते आणि नेहमीचेच तिकीट तिच्यावर चालते. ग्र्युनाउच्या स्थानकावरून एस-बान पकडली की पुढचेच स्थानक आडलर्सहोफ. खोली मिळत असेल तर घ्या.