मूलतत्त्ववादी, कट्टर की धर्मांध?

१९२०च्या दशकातल्या अमेरिकेवरचा एक लेख मराठीत आणतोय. त्यातल्या 'फंडामेंटलिस्ट' मंडळींना काय म्हणावं? आपल्या वर्तमानपत्रांत मूलतत्त्ववादी, कट्टर आणि धर्मांध हे तिन्ही शब्द सरसकट वापरतात. मला धर्मांध सोपा वाटतोय.

—

धर्मांध अजिबात नको. ती शिवी झाली, आणि हे नाव त्या लोकांनी स्वतःहून घेतलेलं होतं. १९१० ते १९१५ या काळात 'द फंडामेंटल्स' नावाच्या बारा पुस्तिका निघाल्या. कॅलिफोर्नियातले तेलसम्राट लायमन स्टुअर्ट यांनी भावासोबत त्याचा खर्च उचलला आणि पाद्री, मिशनरी, धर्मशिक्षक यांना त्या फुकट वाटल्या. पुढे १९२० साली कर्टिस ली लॉज या बाप्टिस्ट संपादकाने लिहिलं, की या मूलतत्त्वांसाठी जे लढायला तयार आहेत त्यांना 'फंडामेंटलिस्ट' म्हणू या. 'काँझर्व्हेटिव्ह' हा शब्द त्याला प्रतिगामी शक्तींशी फार जोडलेला वाटत होता. म्हणजे 'मूलतत्त्ववादी' इथे अगदी शब्दशः बसतो.

—

मग सनातनी का नको? जुनं ते धरून बसणारे, एवढाच तर अर्थ आहे.

—

सनातनी म्हटलं की रूढी, आचार, सोवळंओवळं असं सगळं डोळ्यांपुढे येतं. यांचा भर नेमक्या काही सिद्धांतांवर होता: बायबल निर्दोष, येशूचा जन्म कुमारीच्या पोटी, त्याचं देहासह पुनरुत्थान वगैरे. भांडण मुख्यतः चर्चच्या आतलं होतं. १९२२ साली न्यूयॉर्कमध्ये उदारमतवादी पाद्री हॅरी इमर्सन फॉस्डिक यांनी 'फंडामेंटलिस्ट जिंकणार काय?' असं थेट प्रवचन दिलं. ते देशभर पोचवायला पैसा दिला तेलसम्राट रॉकफेलरच्या मुलाने, धाकट्या रॉकफेलरने. थोडक्यात, दोन्ही बाजूंना तेलाचाच पैसा!

—

आणि हे लोक म्हणजे उजवे, असं समजून 'प्रतिगामी' तर मुळीच लिहू नका. शाळेत उत्क्रांतिवाद शिकवल्याबद्दल स्कोप्स या शिक्षकावर १९२५ साली चाललेल्या खटल्यात त्याच्या विरोधात उभे राहिलेले विल्यम जेनिंग्ज ब्रायन तीन वेळा डेमोक्रॅटिक पक्षाकडून अध्यक्षपदाला उभे होते. प्राप्तिकर, स्त्रियांचा मताधिकार यांच्या बाजूचा माणूस. खटला चालला त्या टेनेसी राज्यातल्या डेटनच्या उकाड्यात, कोर्टाबाहेर हिरवळीवर, विरुद्ध बाजूचे वकील क्लॅरन्स डॅरो यांनी त्यांनाच बायबलचे जाणकार म्हणून साक्षीला बसवलं आणि योनाला माशाने गिळलं ते खरं का, असं विचारत घामाघूम केलं. खटला ब्रायन यांच्या बाजूने गेला, शिक्षकाला १०० डॉलर दंड झाला, पण पत्रकारांनी मूलतत्त्ववाद्यांची जी टर उडवली त्यातून या शब्दाला गावंढळपणाचा वास चिकटला. निकालानंतर पाचव्या दिवशी ब्रायन वारले. १९७९च्या इराणी क्रांतीनंतर 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द इस्लामला सर्रास लावला जाऊ लागला. आपल्याकडे रुळलेला अर्थ या नंतरच्या काळातला, म्हणून तो १९२५वर लादू नये.

—

पटलं, मूलतत्त्ववादीच ठेवतो. पण पुढे लेखात प्रसिद्ध ख्रिस्ती प्रवचनकार बिली ग्रॅहम येतात. 'इव्हँजेलिकल'ला सुवार्तिक म्हणू का?

—

सुवार्तिक म्हणजे सुवार्ता सांगत फिरणारा. ग्रॅहम स्वतः सुवार्तिक होतेच, पण त्यांच्या सभेला बसलेला दुकानदार नव्हे. पंथ म्हणून 'इव्हँजेलिकल' तसंच ठेवा. इव्हँजेलिकल आणि मूलतत्त्ववादी यांना एकत्र तर करूच नका: १९५७च्या न्यूयॉर्कच्या सभांत ग्रॅहम यांनी उदारमतवादी चर्चना सोबत घेतलं म्हणून सर्वांत जास्त भडकले ते मूलतत्त्ववादीच.