मदत हवी आहे: लेकीला कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमची कोच व्हायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही ओहायोत राहतो. लेक इथेच जन्मलेली, आता बाविशीची. डिव्हिजन थ्रीच्या (कॉलेज खेळांची तिसरी श्रेणी) कॉलेजात चार वर्षं पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारी) खेळली. या डिव्हिजनमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते, त्यामुळे फी आम्हीच भरली. डिग्री अकाउंटिंगची, हातात बऱ्यापैकी ऑफर. आणि आता म्हणते, ऑफर नको. कुठल्यातरी टीमकडे ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणून लागते, सोबत मास्टर्स करते, पुढे कोचच होते.

नवरा दोन दिवस गप्प आहे. मी सांगलीला शाळेत खो-खो खेळले आहे, म्हणून मला तिचं वेड कळतं. पण आमच्या खो-खोच्या बाई भूगोल शिकवायच्या आणि पगारही भूगोलाचाच घ्यायच्या!

जेवताना तिने आम्हाला मुलींच्या बास्केटबॉलच्या नामवंत कोच पॅट समिट यांची गोष्ट ऐकवली. १९७४ साली टेनेसी विद्यापीठात त्या ग्रॅज्युएट असिस्टंट म्हणूनच जाणार होत्या. तेवढ्यात मुख्य कोच रजेवर गेल्या आणि बाविसाव्या वर्षी सगळी टीमच यांच्या गळ्यात पडली. महिना २५० डॉलर. टीमचे कपडे स्वतः धुवायच्या, व्हॅनही स्वतः चालवायच्या. काही खेळाडू वयाने जेमतेम वर्षभराने लहान. त्यातच स्वतःचं मास्टर्स आणि १९७६च्या ऑलिंपिकची तयारी (रौप्यपदक मिळालं). पुढे तिथेच ३८ वर्षं, १०९८ विजय, ८ राष्ट्रीय विजेतेपदं. नवरा एवढंच म्हणाला, "आणि बाकीच्यांचं काय झालं?"

माझाही प्रश्न तोच आहे. जिचं नाव कुणाला माहीत नाही अशा कोचचं पोट यावर भरतं का? मास्टर्स कशात करावं? आणि किती वर्षं वाट पाहून "बास" म्हणावं? कुणी जवळून पाहिलं असेल तर लिहा.

जुनी_तालीम: ताई, मी एका छोट्या कॉलेजच्या क्रीडा विभागात हिशेब बघायचे, म्हणून लिहिते. ग्रॅज्युएट असिस्टंटला बहुतेक ठिकाणी फी माफ आणि वर थोडं विद्यावेतन, खोलीभाडं निघेल इतपत. काम काय, तर सामन्यांचे व्हिडिओ कापणं, प्रवासाची बुकिंगं, बॉल गोळा करणं आणि मुलींचा अभ्यास बुडत नाही ना ते बघणं. त्यानंतर व्हिडिओ कोऑर्डिनेटर किंवा ऑपरेशन्स, मग असिस्टंट कोच. असिस्टंट झाली की अर्धं आयुष्य रिक्रूटिंगमध्ये जातं. उन्हाळाभर कुठल्या कुठल्या जिममध्ये बसून शाळकरी मुली हेरायच्या. आता ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) हेरलेली पोर टिकेलच असंही नाही. मुख्य कोच बदलली की बहुधा सगळा स्टाफ बदलतो. दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलायची तयारी हवी. लग्न ठरवणाऱ्या मावश्यांना हे आधीच सांगून ठेवा.

अकाउंटिंग मात्र वाया जाणार नाही. लहान कॉलेजात कोचच्या गळ्यात विभागाचं दुसरं एखादं काम असतंच, आणि बजेट कळणारी माणसं तिथे फारशी नसतात.

कट्ट्यावरचा: समिटबाईंचं उदाहरण ग्रेट, पण १९७४चं. १९७२ला टायटल नाइन कायदा (शिक्षणसंस्थांत मुलींशी भेदभाव नको म्हणणारा) आला तेव्हा मुलींच्या कॉलेज संघांचे ९० टक्क्यांहून जास्त कोच बायका होत्या, कारण त्या कामाला पैसेच नव्हते. कायद्यामुळे पैसा आला, पाठोपाठ पुरुष आले. आज निम्म्याहूनही कमी बायका आहेत. लेकीने स्पर्धा कुणाशी आहे ते ओळखून उतरावं.

तुमच्या मिस्टरांसाठी वेगळं उदाहरण देतो: कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुलींच्या टीमचे कोच जीनो ऑरिएमा. सातव्या वर्षी इटलीहून आई-वडिलांसोबत आले. १९८५ला ती टीम घेतली तेव्हा तिला कुणी विचारत नव्हतं, पहिलं विजेतेपद दहा वर्षांनी, १९९५ला. स्थलांतरिताच्या घरातही हे घडतं, फक्त वेळ लागतो.

आणि महिला बास्केटबॉल कोचेस असोसिएशनचा 'सो यू वॉन्ट टू बी अ कोच' नावाचा उपक्रम आहे, कॉलेजचं खेळणं संपलेल्या मुलींसाठीच. फायनल फोरच्या (राष्ट्रीय स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांच्या सामन्यांच्या) वेळी त्यांचं अधिवेशन भरतं, तिथे ओळखी होतात. तिच्या सध्याच्या कोचना शिफारशीबद्दल आत्ताच विचारा.

धागाकर्ती: दोघांचे आभार. सगळं नवऱ्याला वाचून दाखवलं. जीनोंवर काही बोलला नाही, पण "फी माफ" दोनदा वाचायला लावलं. मास्टर्स बहुतेक स्पोर्ट मॅनेजमेंटमध्ये. तीन वर्षांत पगारी असिस्टंट नाही झाली तर सीपीएची (आपल्या सीएसारखी) परीक्षा द्यायची, असं तिनेच लिहून फ्रिजवर चिकटवलंय. ऑफरला उत्तर द्यायची मुदत शुक्रवारची आहे. त्या कंपनीला वर्षभर थांबा म्हणता येतं का, हे कुणाला माहीत असेल तर त्याआधी सांगा.