लाँचच्या वेळी टर्बो गाडीचे टायमिंग मागे घ्यावे की बूस्टच कमी ठेवावा?

मूळ मुद्दा
ड्रॅग शर्यतीत गाडी सुटताना चाके जागीच फिरू लागली, की बहुतेक जण आधी बूस्ट (टर्बोने इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) कमी करतात. माझ्या मते सुरुवातीचा सेकंदभर इग्निशन टायमिंग मागे घेणे, म्हणजे स्पार्क नेहमीपेक्षा उशिरा पाडणे, हा अधिक चांगला उपाय आहे. ६००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात दर ५ मिलिसेकंदांनी एक स्पार्क पडतो, त्यामुळे टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) पुढच्याच स्पार्कपासून उतरवता येतो आणि तितक्याच झटपट परतही आणता येतो. बूस्टचे तसे नाही. वेस्टगेट (एक्झॉस्टचा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) उघडले तरी दाब उतरायला वेळ लागतो, आणि तो पुन्हा चढेपर्यंत शर्यतीचा मोलाचा भाग हातून गेलेला असतो. टायमिंग मागे ठेवले तर टर्बोचा वेग टिकून राहतो.

प्रतिसाद १
टर्बोचा वेग टिकतो, हीच माझी हरकत आहे. स्पार्क उशिरा पडला की ज्वलनही उशिरा होते आणि पिस्टनला न मिळालेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने एक्झॉस्टमध्ये जाते, म्हणजे टर्बोच्या एक्झॉस्टवर फिरणाऱ्या टर्बाइनला अधिक बळ मिळून बूस्ट चढू लागतो. एका बाजूने टॉर्क कापायचा आणि दुसऱ्या बाजूने हवा वाढवायची, असा हा प्रकार आहे. टायमिंग पूर्ववत होताच तो वाढलेला बूस्ट चाकांवर येतो आणि सुरुवातीला न सुटलेली पकड थोडे पुढे गेल्यावर सुटते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि टर्बाइन यांना सोसावी लागणारी उष्णता वेगळीच.

मूळ लेखकाचे उत्तर
उष्णतेचा मुद्दा मला मान्य आहे, म्हणूनच हा उपाय सेकंदभरापुरता आहे. मात्र अनेकांची फसगत अंशांच्या (स्पार्कची वेळ मोजायचे क्रँकशाफ्टच्या फिरण्याचे अंश) हिशोबात होते. टायमिंग सर्वाधिक टॉर्क देणाऱ्या बिंदूजवळ असेल, तर दोन-तीन अंश मागे घेऊन जवळपास काहीच फरक पडत नाही. मग लोक एकदम १५ अंश मागे घेतात आणि गाडी मरगळते. याउलट, जास्त बूस्टच्या इंजिनात नॉकिंग (इंधन-हवेच्या मिश्रणाचे आपोआप, अवेळी पेटणे) टाळण्यासाठी टायमिंग आधीच त्या बिंदूच्या मागे ठेवलेले असते आणि तिथे प्रत्येक अंश जाणवतो. दुसऱ्याच्या गाडीचे आकडे आपल्या ईसीयूत (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकात) भरणे म्हणूनच चुकीचे आहे.

प्रतिसाद २
मला यात टायरची बाजू राहून गेल्यासारखी वाटते. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत टॉर्क अचानक तोडला, तर पुढचा भाग खाली बसतो, मागच्या चाकांवर आलेला भार निघून जातो आणि जी पकड वाचवायची तीच कमी होते. त्यामुळे टायमिंग घड्याळाच्या हिशोबाने नव्हे, तर ड्राइव्हशाफ्टच्या (चाकांकडे शक्ती नेणाऱ्या दांड्याच्या) वेगाच्या हिशोबाने मागे घ्यावे. वेग अपेक्षेपेक्षा पुढे गेला तरच, आणि तेही तो जितका पुढे गेला तितकेच.

प्रतिसाद १ (पुन्हा)
ड्राइव्हशाफ्टच्या वेगावर चालणारी दुरुस्ती मला पटते, कारण ती प्रत्यक्षात जे घडते ते मोजूनच काम करते. पण मूळ बूस्ट टायरला पेलेल एवढाच ठेवून, उरलेल्या किरकोळ घसरणीपुरते टायमिंग वापरावे, या मतावर मी ठाम आहे. प्रत्येक लाँचला टायमिंग मोठ्या प्रमाणात मागे जात असल्याचे लॉगमध्ये (ईसीयूने केलेल्या नोंदींत) दिसत असेल, तर त्या गाडीचा सुरुवातीचा बूस्टच चुकलेला आहे.