मदत हवी आहे: फ्लटर २.१०.५ वरून ३.२९ वर जाताना ॲपचा बिल्ड अडतोय

प्रश्न
ॲप फ्लटर (डार्ट भाषेत ॲप बनवायचं गुगलचं साधन) २.१०.५ वर आहे. निम्म्या फायलींच्या माथ्यावर अजून '// @डार्ट=२.९' आहे, म्हणजे नल सेफ्टी (नल, म्हणजे रिकामी व्हॅल्यू, कुठे चालेल ते कोडमध्येच ठरवणं) अर्धवटच. प्ले स्टोअरला टार्गेट एसडीके ३५ (अँड्रॉइड १५) लागतो म्हणून थेट ३.२९.३ टाकलं. पब गेट (पॅकेजं आणणारी कमांड) पॅकेजांवरून अडलं. आवृत्त्या कशाबशा जुळवल्या तर बिल्डमध्ये 'अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन ६५'. ग्रेडल (अँड्रॉइडचा बिल्ड करणारं साधन) ६.७, अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ४.१, कॉटलिन १.६.१०. 'डार्ट माइग्रेट' ही कोड नल सेफ्टीत बदलून देणारी कमांडसुद्धा आता चालत नाही. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
आधी २.१०.५ वर परत या. तुमचे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत: एक डार्टचा, एक अँड्रॉइडचा. दोन्ही एकदम सोडवायला गेलात तर कोणती चूक कशामुळे आली तेच कळणार नाही.

डार्ट ३ (फ्लटर ३.१०, मे २०२३) पासून नल सेफ्टी नसलेला कोड चालतच नाही आणि माइग्रेटचं साधनही काढून टाकलंय. २.१०.५ मध्ये ते आहे, तिथेच वापरून घ्या. एफव्हीएम (फ्लटरच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) वापरलंत तर दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवता येतात.

पहिल्यांदा 'डार्ट पब आउटडेटेड --मोड=नल-सेफ्टी' चालवून कोणती पॅकेजं मागे आहेत ते बघा. ज्यांची नल-सेफ आवृत्तीच आली नाही त्यांना पर्याय शोधायचा, दुसरा मार्ग नाही. मग उरलेल्या फायलींवर माइग्रेट. मॉडेल आणि युटिलिटी आधी, स्क्रीन शेवटी. साधन जिथे '!' ('इथे नल नाहीच' अशी हमी) घालेल तिथे डोळ्यांत तेल घालून बघा, विशेषतः जेसन (सर्व्हरकडून येणारा डेटा) वाचणाऱ्या कोडमध्ये. सर्व्हरने एखादं फील्ड पाठवलं नाही की तिथेच 'नल चेक ऑपरेटर युज्ड ऑन अ नल व्हॅल्यू' येणार. फील्ड खरंच रिकामं येऊ शकत असेल तर टाइपला '?' लावा. या टप्प्यात अँड्रॉइड बिल्डच्या नादी लागू नका. ॲनलाइझ (कोडची तपासणी) आणि टेस्ट हिरवे झाले की कमिट करा.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. आता ६५ बद्दल: तो जावा २१ चा आकडा आहे (६१ म्हणजे १७). नवा अँड्रॉइड स्टुडिओ स्वतःचा जावा २१ घेऊन येतो आणि ग्रेडल ८.५ च्या आधीच्या आवृत्त्यांवर तो चालत नाही. एसडीके ३५ साठी अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन किमान ८.६.० लागतो, त्याला ग्रेडल ८.७. हे दोन केलेत की ६५ आपोआप जाईल.

जुन्या बिल्ड फायलींना ठिगळं लावत बसू नका. 'फ्लटर क्रिएट'ने त्याच नावाचं रिकामं ॲप दुसऱ्या फोल्डरात बनवा आणि त्याच्या अँड्रॉइड फोल्डरशी आपला फोल्डर फाइलवार ताडून बघा. सेटिंग्ज.ग्रेडलमधला नवा प्लगइन्स ब्लॉक तिथून तयार मिळतो. ॲप्लिकेशन आयडी, सायनिंग, मॅनिफेस्टमधल्या परवानग्या आणि फायरबेसची जेसन फाइल मात्र आपलीच ठेवायची. जावा आणि कॉटलिनचं जेव्हीएम टार्गेट (कोणत्या जावा आवृत्तीसाठी बिल्ड करायचं ते) सारखं हवं, नाहीतर 'इनकन्सिस्टंट जेव्हीएम-टार्गेट' ठरलेलं.

धागाकर्ता
नल सेफ्टी पूर्ण झाली, ३.२९.३ वर ॲनलाइझ स्वच्छ आहे. आता एक जुनं फ्लटर प्लगइन 'नेमस्पेस नॉट स्पेसिफाइड' म्हणतंय. त्याची नवी आवृत्ती नाही.

प्रतिसाद २
अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८ पासून प्रत्येक मॉड्यूलला बिल्ड.ग्रेडलमध्ये नेमस्पेस (त्याच्या कोडचं पॅकेज नाव) सक्तीचं आहे. मुळातल्या बिल्ड.ग्रेडलमध्ये सबप्रोजेक्ट्स → आफ्टरइव्हॅल्युएट असा ब्लॉक लिहून, नेमस्पेस रिकामं असेल तर तिथे भरा. तो ब्लॉक 'इव्हॅल्युएशनडिपेंड्सऑन' या ओळीच्या वर हवा. खाली लिहिलात तर 'प्रोजेक्ट इज ऑलरेडी इव्हॅल्युएटेड' म्हणून बिल्ड तिथेच थांबतो. नेमस्पेसची व्हॅल्यू त्या फ्लटर प्लगइनच्या मॅनिफेस्टमधल्या पॅकेजशी तंतोतंत जुळणारी द्या.

त्याच प्लगइनमध्ये 'रजिस्ट्रार' सापडत नाही अशी चूक आली तर या उपायाने भागणार नाही. ३.२९ मध्ये जुनं व्ही१ एम्बेडिंग (प्लगइन ॲपला जोडायची जुनी पद्धत, 'रजिस्ट्रार' त्यातलाच) काढून टाकलंय. फोर्क (प्लगइनची स्वतःची प्रत) करून तेवढा भाग वगळा किंवा प्लगइन बदला. मी बदलणंच पसंत करेन. इतकं मागे राहिलेलं प्लगइन पुढच्या अपग्रेडलाही अडवणार.

धागाकर्ता
फोर्क केलं, डीबग व्यवस्थित चालतं. रिलीजमध्ये मात्र ठरावीक वेळेचं नोटिफिकेशन लावताना 'मिसिंग टाइप पॅरामीटर' येऊन ॲप बंद पडतं.

प्रतिसाद १
अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८ मध्ये आर८ चा (न लागणारा कोड छाटणारं साधन) फुल मोड मुळातच चालू असतो. नोटिफिकेशनचं पॅकेज आतून जीसन (जेसन वाचणारी जावा लायब्ररी) वापरतं आणि आर८ त्याच्या टाइपटोकनची (डेटाचा टाइप सांगणारा क्लास) जेनेरिक माहिती छाटतो. डीबगमध्ये आर८ चालत नाही, म्हणून तिथे दिसलं नाही. प्रोगार्ड-रूल्स.प्रो मध्ये 'कीपॲट्रिब्यूट्स सिग्नेचर' आणि टाइपटोकन व त्याच्या उपवर्गांसाठी कीप नियम घाला. ती फाइल अँड्रॉइड फोल्डरातल्या ॲप फोल्डरातच आहे का तेही तपासा, फ्लटर ती तिथूनच आपोआप घेतं. ग्रेडल.प्रॉपर्टीजमध्ये फुल मोड बंद करूनही चालेल, पण ते खात्री करण्यापुरतंच.

धागाकर्ता
फाइल त्या फोल्डरात नव्हतीच. हलवली, रिलीज चालला. दोघांचे मनापासून आभार.

प्रतिसाद २
छान. अपलोडआधी अँड्रॉइड १५ च्या फोनवर प्रत्येक स्क्रीनचं तळचं बटण बघून घ्या. टार्गेट ३५ झालं की ॲप कडेपर्यंत पसरतं आणि नेव्हिगेशन बार बटणावर येतो. तिथे सेफएरिया (बारची जागा मोकळी सोडणारं विजेट) लावा. आणि ३.१६ पासून मटेरियल ३ (गुगलची नवी डिझाइन शैली) आपोआप लागू होतं. रूप बदललेलं वाटलं तर थीममध्ये 'युजमटेरियल३: फॉल्स' करून आधी हेच पाठवा, नवं रूप नंतर सावकाश.